इनिशियल डी : त्यातलं खरं किती आणि थापा किती?

घाटमाथा

परवा रात्री लेकाच्या खोलीतून ओळखीची गाणी ऐकू आली. जपानी मालिकेसाठी इटलीतून आणलेलं ते धडाधड युरोबीट. आत डोकावलो तर पडद्यावर काळी-पांढरी डबडा गाडी घाटातून तिरकी तिरकी उतरतेय. चहाचा कप हातात तसाच राहिला. आमच्या होस्टेलात एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर 'इनिशियल डी'चे सगळे भाग होते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते बघायचे अशी परंपरा होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ताकुमी फुजिवारा हा जपानच्या गुन्मा प्रांतातला शाळकरी पोरगा. वडील बुन्ता, यांचं टोफूचं दुकान. सातवी-आठवीत असल्यापासून हा रोज पहाटे बापाच्या जुन्या टोयोटा एई८६ मधून आकिना डोंगरावरच्या तळ्याकाठी हॉटेलात टोफू पोचवतो आणि येताना घाट उतरतो. पाच वर्षं तेच केल्यामुळे पोराला घाट पाठ झालाय. मग एक दिवस मोठ्या मोठ्या गाड्यावाले येतात आणि हा त्यांना उतारावर धूळ चारतो.

लेकाने विचारलं, "बाबा, असं खरंच होतं का?" मी म्हटलं, "थोडं खरं, थोडं रंगवलेलं." म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं. आता तुम्ही सांगा. हा आकिना डोंगर आहे का कुठे? वळणावर आतली चाकं गटारात टाकून वेगाने जाता येतं का? आणि तो पाण्याचा कप, जो बुन्ता गाडीत ठेवतो आणि एक थेंब न सांडता घाट उतरायला लावतो, ते शक्य आहे का?

रिकामटेकडा

टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीरच ना? आमचा डेअरीवाला रोज अर्धा तास उशिरा येतो आणि पनीरचा भुगा आणतो. त्याला ही मालिका दाखवा कुणीतरी.

मंगाकिडा

आहा, माझा धागा आला.

मूळ चित्रकथा शुइची शिगेनो यांची. १९९५ ते २०१३, म्हणजे अठरा वर्षं चालली, ४८ खंड झाले. अ‍ॅनिमे, म्हणजे त्यावरची कार्टून मालिका, १९९८ पासून. त्याआधी शिगेनोंनी मोटरसायकलींवर एक मोठी मालिका काढली होती, तीही घाटातून सुरू होऊन जागतिक शर्यतींपर्यंत जाते. म्हणजे घाट हा त्यांचा जुना विषय. ते स्वतः निइगाताचे, डोंगरापलीकडचे. आणि एई८६ त्यांची स्वतःची गाडी होती. लोक उगाच गूढ शोधतात की हीच गाडी का निवडली. दारात उभी होती म्हणून!

आकिना म्हणजे हारुना. गुन्मातला खराखुरा डोंगर, वर हारुना तळं, खाली इकाहो नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. गंमत म्हणजे बाकीच्या डोंगरांची नावं जशीच्या तशी आहेत: आकागी, म्योगी, उसुई, इरोहाझाका. फक्त नायकाच्या घरच्या डोंगराचं नाव बदललं.

आणि खऱ्या माणसांबद्दल बोलायचं तर केइइची त्सुचिया. हा अ‍ॅनिमेचा सल्लागार होता. घाटात गाडी चालवत मोठा झाला, मग एई८६ घेऊन सर्किटवर आला. १९८७ मध्ये त्याच्या घाटातल्या गाडी चालवण्याची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि त्यापायी त्याचं रेसिंग लायसन्स काही काळ निलंबित झालं. पुढे हाच माणूस १९९५ ला ल मां २४ तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्स घेऊन आपल्या गटात पहिला आला, आणि १९९९ ला टोयोटातून एकूणात दुसरा. तेव्हा घाटातलं पोर मोठ्या मैदानात जातं ही कथा काही हवेतली नाही.

सोनचाफा

वा, माहितीपूर्ण. मी नवऱ्यामुळे बघितली होती. माझी एकच शंका: वळण घ्यायला लागतात तीन सेकंद. तेवढ्यात गाडीतला माणूस मनातल्या मनात दीड मिनिटाचं भाषण करतो, त्याचा मित्र दरीच्या कडेला उभा राहून त्यावर टिप्पणी करतो, आणि पेट्रोल पंपाचा मालक जुन्या आठवणी काढतो. मग गाडी वळणातून बाहेर. हे कुठल्या भौतिकशास्त्रात बसतं?

रिकामटेकडा

@सोनचाफा, महाभारतात दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असताना अठरा अध्याय झाले. आपण बोलू नये.

कार्ब्युरेटर

गॅरेज चालवतो, त्यामुळे थोडं पाणी ओततो. ह.घ्या.

गाडी खरी आहे. टोयोटा स्प्रिंटर त्रुएनो, १९८३ ते ८७ बनली. मागच्या चाकांना ताकद, इंजिन ४ए-जी, १५८७ सीसी, कागदावर १३० घोडे, वजन साधारण ९४० किलो. जपानीत आठ-सहा म्हणजे 'हाचिरोकू'. डोळे मिटणारे दिवे असतील तर त्रुएनो, दिवे उघडे असतील तर तिची बहीण लेविन. मालिकेत ताकुमीचा मित्र इत्सुकी घाईघाईत ८६ समजून ८५ विकत घेतो ना, ती चूक अगदी खरी वाटते. बाहेरून तशीच, आत दीड लिटरचं गरीब इंजिन. आमच्याकडे सुद्धा लोक वरचं मॉडेल म्हणून स्टिकर लावलेलं खालचं मॉडेल घेऊन येतात. तोंड बघवत नाही.

पण आता ऐका. समोर निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२. कागदावर २८० घोडे. तेही जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० च्या वर आकडा छापायचा नाही म्हणून, खरे जास्तच. वजन १४३० किलोच्या आसपास. टनामागे हिशेब केला तर ८६ ला १३८ घोडे, जीटी-आर ला १९६. उतारावर हा फरक पुसला जातो असं मालिका सांगते. नाही पुसला जात. उतार दोघांनाही सारखाच ढकलतो.

ब्रेकचं म्हणाल तर तिथे हलक्या गाडीचा फायदा खरा. ताशी १०० वरून ४० वर यायचं तर १४३० किलोच्या गाडीच्या ब्रेकला ९४० किलोवालीच्या दीडपट उष्णता गिळावी लागते. दर वळणाला. दहाव्या वळणाला पेडल मऊ पडतं. आणि ती आर३२ नाकात जड, वळणावर पुढून बाहेर जायची खोड. ती चालवणारा नाकाझातो कठड्यावर आपटतो ते मला पटलं. ताकुमी जिंकला ते मात्र नाही.

मंगाकिडा

@कार्ब्युरेटर, पण समोरच्याला रस्ता ठाऊक नाही हे धरलंय का? ताकुमीने तो घाट शेकडो वेळा उतरलाय.

कार्ब्युरेटर

ते मान्य. आमच्या वरंध्यात महाडचा वडापवाला नवीन एसयूव्हीला मागे टाकतो ते इंजिनाच्या जोरावर नाही. पुढच्या वळणामागे काय आहे ते त्याला माहीत असतं म्हणून. पण तेवढं कारण पुरेसं असताना वर ड्रिफ्टिंगचा, म्हणजे गाडी तिरकी घसरवत नेण्याचा, तमाशा कशाला?

भौतिकमास्तर

शाळा सुटली, आता उत्तर देतो.

आधी वळण. समजा यू वळण आहे, त्रिज्या १५ मीटर. कोरडा रस्ता, चांगले टायर. टायर जास्तीत जास्त ०.८ जी एवढा बाजूचा जोर सोसेल असं धरू (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाएवढा जोर). वेग येतो सुमारे ३९ किमी. बस्स. मालिकेत त्याच वळणात जो वेग वाटतो, समजा ६०, तर लागतील १.९ जी. साध्या रस्त्याच्या टायरला ते जमणार नाही, चालवणारा टोफूवाला असो की त्याचा बाप. वेग दहा टक्के वाढवला की जोर एकवीस टक्के वाढतो, वर्गाचं गणित आहे.

आता ड्रिफ्ट. टायर थोडासा तिरका घासत असतो तेव्हा त्याची पकड सर्वांत जास्त असते. त्याच्या पुढे तिरका गेला की पकड उतरायला लागते आणि धूर निघतो. म्हणजे डांबरावर कोरड्यात जितका तमाशा जास्त तितका वेळ जास्त. खडी-माती किंवा बर्फ असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून रॅलीवाले गाडी आडवी फेकतात.

@सोनचाफा, भाषणाचा प्रश्न मराठीच्या बाईंना विचारावा.

आता कप. हा मला सर्वांत आवडलेला भाग, कारण बुन्ता इथे अस्सल शिक्षक आहे. कप ७ सेंमी रुंद धरा. गाडी ०.८ जी ने वळतेय, तर पाण्याचा पृष्ठभाग कलतो आणि बाहेरच्या कडेला पाणी २.८ सेंमी वर चढतं. म्हणजे कप काठोकाठ भरला असेल तर सांडणारच, देव आला तरी. पण तीन सेंमी रिकामा ठेवला तर सांडायचं कारण नाही. मात्र अट अशी की जोर हळूहळू आला पाहिजे. झटक्याने आला तर पाणी आपल्या तोलाच्या पुढे उसळतं, जवळजवळ दुप्पट चढतं. सावकाश स्टिअरिंग, सावकाश ब्रेक, सावकाश सोडणं. जो पाणी सांडत नाही त्याची गाडी टायरची पकड अचानक तोडत नाही. वर टोफूही पाण्यातच नेतात. तो आदळला की कोपरे तुटतात, हॉटेलवाला परत पाठवतो. बापाने धंदा वाचवायला पोराला गाडी शिकवली!

घाटमाथा

मास्तर, दंडवत. दप्तरातून वही काढून बसलोय.

रूळावरचा

अवांतर होईल, पण उसुईचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. ज्या उसुई घाटात त्या दोघी, माको आणि सायुकी, सिल-एटी गाडी पळवतात, तिथल्या जुन्या १८ नंबरच्या रस्त्याला १८४ वळणं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी आहे. पण आमच्यासारख्यांना उसुई आठवतो रेल्वेमुळे. १८९३ ला तिथे दाते असलेल्या रुळांवरून गाडी चढायला लागली. तिचा विटांचा कमानी पूल अजून उभा आहे, मालिकेतही दिसतो. १९६३ नंतर साधे रूळ आले, तरी चढ १५ ला १, त्यामुळे योकोकावा स्टेशनात मागून जादा इंजिनं लावायला गाडी थांबायची. थांबली की लोक खाली उतरून मातीच्या मडक्यातला भात विकत घ्यायचे. हा भात १९५८ पासून मिळतो. १९९७ ला शिंकानसेन (बुलेट ट्रेन) आली आणि घाटातली लाइन बंद झाली. भात मात्र चालू आहे.

आता सांगा, हे वाचून कुणाला कर्जत आठवलं नाही? बोरघाटाचा चढ ३७ ला १, मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावायला गाडी थांबते आणि फलाटावर वडा. जगात कुठेही जा, इंजिन दमलं की माणसाला भूक लागते.

सोनचाफा

धागा घाटातून सरळ कर्जतला उतरला. वड्याला +१.

पण त्या दोघींबद्दल थांबून सांगते. गाडी चालवते माको, शेजारी बसून वळण सांगते सायुकी. अख्ख्या मालिकेत मला ते सर्वांत खरं वाटलं. मी आंबोलीत चालवते तेव्हा नवरा शेजारी बसून तेच करतो, फरक एवढाच की तो ओरडतो.

कार्ब्युरेटर

सिल-एटी पण खरी आहे बरं. निसान १८०एसएक्सचे मिटणारे दिवे असलेलं नाक ठोकलं की दुरुस्ती महाग, म्हणून लोक सिल्वियाचं साधं दिव्यांचं नाक बसवायचे. जुगाड जगात सगळीकडे सारखाच.

तोक्योकर

उशिरा आलो, माफी. मी गेली काही वर्षं तोक्योत आहे. भारतीय लायसन्सवरून जपानी लायसन्स करताना मैदानी चाचणीत दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा कारण काय, तर डावीकडे वळताना खांद्यावरून मागे पुरेसं बघितलं नाही! मालिकेतला एकही माणूस कधी खांद्यावरून मागे बघत नाही, तेव्हा पहिली चूक ही नोंदवा. दुसरी म्हणजे जपानमध्ये लायसन्स १८ ला मिळतं. सातवीतल्या पोराला पहाटे गाडी देणारा बुन्ता कायद्याने सरळ आत जायला हवा.

गेल्या शरदात हारुनाला जाऊन आलो. भाड्याची साधी छोटी गाडी, त्यात आई-बाबा आलेले. शिबुकावा शहरातून इकाहोकडे वर जाताना फुटपाथवरच्या मॅनहोलच्या झाकणांवर इनिशियल डीच्या गाड्या कोरलेल्या दिसल्या. बाबा म्हणाले, "आपल्याकडे झाकणच सापडत नाही, इथे त्याच्यावर नक्षी."

टोफूचं दुकानही खरं होतं. शिबुकावात फुजिनो-या नावाचं खरोखरचं टोफूचं दुकान, हाँगकाँगवाल्यांनी २००५ ला सिनेमा काढला तो तिथेच. पुढे ते पाडलं. आता इकाहोच्या वाटेवर खेळणी, बाहुल्या आणि मोटारींचं एक संग्रहालय आहे, तिथे दुकानाचा दर्शनी भाग उभा केलाय आणि समोर काळी-पांढरी ८६. गाडीच्या दारावर 'फुजिवारा टोफू दुकान, स्वतःच्या वापरासाठी' असं लिहिलेलं. आईने विचारलं, "देव आहे का आत?" कारण रांग तशीच होती.

मग इकाहोहून वर ३३ नंबरचा प्रांतिक रस्ता. पाच लागोपाठची यू वळणं खरंच आहेत. मालिकेत जिथे झाड आहे तिथे झाड, जिथे भिंत आहे तिथे भिंत. चित्रकाराने फोटो काढून रेखाटलंय हे लगेच कळतं. फक्त वळणांत आता डांबरावर आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या घातल्यात. घाटात रात्री गाड्या फेकणाऱ्यांना तिथे हाशिरिया म्हणतात, म्हणजे धावणारे. त्यांच्यासाठीच त्या पट्ट्या. आणि वर तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर डांबरात खाचा आहेत; ठरावीक बेताच्या वेगाने गेलात तर चाकांतून लहान मुलांचं गाणं वाजतं. जोरात गेलात तर नुसती घरघर. ज्याच्या डोक्यात ही कल्पना आली त्याला माझा नमस्कार.

आता घाटमाथांचा प्रश्न, गटार. खाली उतरून बघितलं. काही ठिकाणी सिमेंटची झाकणं, काही ठिकाणी उघडं, आणि उघड्या ठिकाणी ओली पिवळी पानं काठापर्यंत भरलेली. हात घातला तर कोपराच्या खाली गेला. बाबा वरून ओरडले, "काय शोधतोयस?" काय सांगणार?

भौतिकमास्तर

छान वर्णन. गटाराची कल्पना मात्र वेडगळ नाही. आतली दोन्ही चाकं खाली गेली की गाडी आतल्या बाजूला कलते, जसा काही रस्ताच कललेला आहे. शिवाय गटाराची भिंत टायरला बाजूने अडवते, रेल्वेच्या चाकाच्या कंगोऱ्यासारखी. म्हणजे बाहेर फेकणाऱ्या जोराला नुसतं घर्षण नाही, भिंतही धरतेय. कागदावर फायदा आहे.

कार्ब्युरेटर

कागद गॅरेजमध्ये आणा मास्तर, मी बिल बनवतो. रिम वाकलं. टायरची बाजू फाटली. टायरॉड, खालचा आर्म, बुश. अलाइनमेंट वेगळं. चाक कोपरभर खाली गेलं तर गाडीची खालची पट्टी आधी काठावर बसणार, मग चाकाला भिंत लागणार की नाही ते बघू. आणि बाहेर पडताना? गटारातून चाक वर काढायला उतार लागतो, पायरी नाही. पहिल्या वेळी कदाचित निघेल. ताकुमी रोज पहाटे करतो म्हणजे बुन्ता टोफू विकून नुसते टायरॉडच घेत असणार.

आणि इंजिनचं काय? आकागीवर मित्सुबिशीच्या इव्हो ३ शी भिडताना जुनं इंजिन फुटतं ते पटलं, म्हातारं इंजिन लाल रेषेवर किती दिवस धरणार. पण मग शर्यतीचं २० व्हॉल्व्हचं इंजिन टाकतात, ११,००० आरपीएमचं. ते त्या बॉडीत, त्या गिअरबॉक्सला, पहाटे चारला थंडीत टोफू घेऊन? हसू आलं.

मंगाकिडा

@कार्ब्युरेटर, तुम्हाला कथा आवडत नाही का पैसे आवडतात?

कार्ब्युरेटर

दोन्ही. सगळे ४८ खंड वाचलेत. म्हणूनच भांडतोय.

जुनी_फियाट

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. एक बारीकशी खरी गोष्ट कुणी सांगितली नाही. मालिकेत गाडी वेगात गेली की आत टिंग-टिंग असा घंटेसारखा आवाज येतो. मी आधी ते संगीत समजायचो. ती खरी घंटा. त्या काळच्या जपानी गाड्यांत ताशी शंभरच्या थोडं पुढे गेलं की ती वाजायची. ८६ मध्ये ती होती आणि मालिकावाल्यांनी ती ठेवली.

आपल्याकडे २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांत तेच आलंय. ८० ला अधूनमधून टुंग, १२० च्या पुढे सतत. माझा मुलगा एक्स्प्रेसवेवर ती वाजली की चिडतो. मी मनातल्या मनात ताकुमी होतो.

घाटमाथा

@जुनी_फियाट, अंगावर काटा आला राव. आजपासून ती टुंग मला शिव्या नाही वाटणार.

मंगाकिडा

आणखी एक. पुढे बुन्ता निळी सुबारू इम्प्रेझा घेतो. लोक म्हणतात भारी गाडी म्हणून. पण सुबारूचा कारखाना गुन्मातच आहे, ओता शहरात. गावच्या माणसाने गावची गाडी घेतली, एवढं साधं.

आणि इरोहाझाका. तिथे ४८ वळणं, आणि प्रत्येकाला जपानी अक्षरमालेतलं एकेक अक्षर. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी. त्यामुळे तिथल्या शर्यतीत दोन्ही लेन वापरतात, ते चुकीचं नाही. समोरून काही येणारच नसतं. बाकी सगळीकडे समोरून भाजीचा ट्रक का येत नाही हे विचारू नका.

सोनचाफा

विचारतेच. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात ना? मग उजव्या वळणावर आत घुसायचं म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये. आपल्या घाटात असं केलं तर पुढच्या वळणावर एसटीच. आणि एसटीचा ड्रायव्हर काही मनातल्या मनात भाषण करत नाही, मोठ्याने करतो.

तोक्योकर

मालिकेत रस्त्याच्या वर-खाली त्यांची माणसं वॉकी-टॉकी घेऊन उभी असतात, समोरून कुणी आलं तर सांगायला. तेवढं तारतम्य ठेवलंय. शिवाय मालिकेत सूचना असते की हे काल्पनिक आहे, तुम्ही वाहतुकीचे नियम पाळा.

एक शब्दाची गंमत. घाटाला जपानीत तोगे म्हणतात. ते चिन्ह जपान्यांनी स्वतः बनवलंय, चीनमधून आलेलं नाही. त्यात तीन तुकडे: डोंगर, वर, खाली. बाबांना कागदावर काढून दाखवलं तर म्हणाले, "मधे चहाची टपरी राहिली."

रिकामटेकडा

धाग्याची टीआरपी पाहता पुढचा भाग २ काढा. मी पॉपकॉर्न आणतो.

भौतिकमास्तर

@मंगाकिडा, मघाशी तुम्ही त्सुचियाचं सांगितलंत. मग मला सांगा, जो माणूस ल मां मध्ये वेळेसाठी गाडी चालवतो, त्याने ड्रिफ्ट हा वेगाचा मार्ग म्हणून कसा चालवून घेतला?

मंगाकिडा

मला वाटतं तुम्ही मालिकेतला ड्रिफ्ट आणि धुराचा ड्रिफ्ट एकत्र धरताय. पहिल्या काही भागांत खूप तिरकं जातं, कारण दिसायला हवं. पुढे पुढे तो अगदी थोडा तिरका जातो, चारही चाकं सारखी घसरताना. तुम्हीच म्हणालात ना, थोडं घासलं की पकड सर्वांत जास्त? तेच. धुराचा खेळ वेगळा झाला, त्याची वेगळी स्पर्धा जपानमध्ये २००० च्या सुमारास सुरू झाली, त्यातही त्सुचियाचा हात आहे. तिथे घड्याळ नसतं, परीक्षक असतात.

भौतिकमास्तर

हे उत्तर स्वीकारतो. दहापैकी सात. पहिल्या भागातल्या धुरासाठी तीन कापले.

घाटमाथा

आता मूळ प्रश्नाकडे, कारण मी प्रयोग केला.

रविवारी आम्ही ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. लेकाने आधीच कपहोल्डरमध्ये कागदी कप ठेवला. मास्तरांचा हिशेब सांगून त्यात तीन सेंमी जागा सोडली, पट्टीने मोजून. पाणी नव्हतं हाताशी, बायकोने ताक भरलं. नियम: वेग ३० ते ४०, हॉर्न वाजवायला परवानगी, भांडायला नाही.

खरं सांगतो, मी वीस वर्षं गाडी चालवतोय आणि ब्रेक सोडताना मी किती झटक्याने सोडतो हे मला रविवारी कळलं. दाबताना नाही, सोडताना. गाडी थांबत आली की नाक वर येतं आणि ताक मागच्या काठाला लागतं. तिसऱ्या वळणापासून मी पाय हळू उचलायला लागलो. पंधरा-वीस वळणं झाली, एक थेंब नाही. मागून बायको म्हणाली, "आज उलटी होणार नाहीये मला, काय केलंस?" हे वाक्य लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

लेकाने युरोबीट लावलं होतं. मी ३५ ने जात होतो. मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊन थकला आणि शेवटी पुढे निघून गेला.

घाट संपला, सपाटी आली, गाव लागलं. मी लेकाकडे बघून हसलो आणि त्याच क्षणी विनापट्ट्याचा, विनापाटीचा एक स्पीडब्रेकर. सगळं ताक गिअरवर.

कार्ब्युरेटर

गिअरच्या बुटात ताक गेलं असेल तर उद्याच घेऊन या. वास बसला की निघत नाही.

रिकामटेकडा

म्हणून बुन्ता पाणी ठेवायचा.